सुई सुटेना

आधीच सांगून ठेवते. हे मैत्रिणीच्या मावशीच्या नणंदेबरोबर वगैरे घडलेलं नाही. माझ्याबरोबर घडलंय, आणि त्याच्या फाइल्स अजून कॉम्प्युटरमध्ये आहेत.

खोटं लिहून मला काय मिळणार? लाइक घेऊन मी काय करू?

या पेजवरच्या बहुतेक गोष्टी रात्री बारानंतर घडतात. माझी दुपारी घडली. मंगळवार होता, पावणेदोन वाजले होते. डोक्यावर चार ट्यूबलाइट लख्ख जळत होत्या.

जागा म्हणाल तर आमच्या प्रयोगशाळेचं तळघर. पडकं, कोळिष्टकांचं वगैरे नाही हं. स्वच्छ फरशी, पांढऱ्या भिंती, दारावर 'चपला बाहेर काढा' अशी पाटी. लोक आमच्याकडे काचेचे, रंगाचे, प्लॅस्टिकचे तुकडे तपासायला पाठवतात. अकरा वर्षं मी वरच्या मजल्यावर पावडरी चाळायचं आणि वजनं करायचं काम केलं. मग या तळघरातलं मोठं मशीन शिकायला माझी निवड झाली.

आणि एक गोष्ट आत्ताच सांगते. ती लपवली तर पुढचं काही कळायचं नाही.

त्या मंगळवारच्या चार महिने आधी माझी आई गेली. हॉस्पिटलमध्ये. मी तिच्याजवळ नव्हते. धाकट्या बहिणीला मी सांगितलं, "आई झोपली होती, म्हणून मी निघाले."

आई झोपली नव्हती.

माझा हात तिच्या हातात होता. मी तो सोडवून घेतला आणि निघून गेले.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मला एवढंच हवं होतं, की तिनं ते मनाला लावून घेतलं का, ते कळावं. पण विचारणार कुणाला?

मला रडूसुद्धा आलं नाही. आठव्या दिवशी कामावर हजर. लोक म्हणाले, किती खंबीर आहेस गं! खंबीर कसली डोंबलाची. दात काढताना इंजेक्शन दिलं की गाल कसा होतो? चावला तरी कळत नाही. तशी मी सगळीच्या सगळी झाले होते. जेवत होते, हसत होते, बस पकडत होते. आत काही पोचत नव्हतं.

असो.

आता मशीनबद्दल थोडं. कंटाळू नका, पुढे लागणार आहे.

ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप असं त्याचं नाव. नावात मायक्रोस्कोप असला तरी हा बघत नाही. हा चाचपडतो. लाइट गेल्यावर आपण भिंतीवर हात फिरवत दार शोधतो ना, तसा. एक पट्टी असते, जेमतेम डोळ्यांना दिसेल एवढी. तिच्या टोकाला सुई. सुई वस्तूवरून एकेक ओळ फिरते, खालच्या चढउतारांप्रमाणे पट्टी वाकते, आणि स्क्रीनवर वरून खाली ओळीओळीनं चित्र उमटत जातं.

हे सगळं शिकवायला हळूसर. खरं नाव वेगळं आहे, पण त्यांचं एक वाक्य 'हळू' शिवाय पुरं होत नाही. दार हळू लाव. हळू बस. खुर्ची हळू सरकव. या माणसानं लग्नाला होकार द्यायला किती वर्षं लावली असतील, यावर वरच्या मजल्यावर पैजा लागायच्या. माणूस मात्र देवासारखा. कधी ओरडला नाही.

"मूळ पद्धती तीन," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "पहिली कॉन्टॅक्ट. सुई टेकवायची आणि टेकलेलीच ओढत न्यायची. कडक वस्तूला चालतं. मऊ वस्तूवर ओरखडे उठतात."

"म्हणजे खरडायचं."

"हळू बोल, लिहून घे. दुसरी टॅपिंग. सुई टेकते, उचलते, टेकते, उचलते. सेकंदाला तीन लाख वेळा. मऊ वस्तूला हीच लावायची. बाळाला थोपटतो ना आपण, तसं."

"सर, सेकंदाला तीन लाख वेळा थोपटलं तर बाळ झोपेल का?"

"बाळाच्या आईला विचार. तिसरी नॉन-कॉन्टॅक्ट. टेकायचंच नाही. अगदी जवळून, वरच्यावर तरंगत जायचं आणि ओढ मोजायची."

"न टेकता ओढ कशी कळणार?"

"इतकं जवळ गेलं की ओढ लागतेच अगं. कशालाही लागते."

मग त्यांनी एक चौथी गोष्ट दाखवली. त्यात चित्र नसतं, नुसती रेघ असते. एकाच जागी सुई खाली न्यायची, टेकवायची आणि सरळ वर उचलायची. उचलताना ती जराशी चिकटून राहते. पट्टी खाली वाकते, स्क्रीनवरची रेघ खाली जाते. मग सुई सुटते आणि रेघ टुणकन वर येते. किती जोर लावल्यावर सुटली, ते त्यावरून मोजायचं.

"आणि सुटलीच नाही तर?" मी विचारलं.

"सुटते."

"पण नाहीच सुटली तर सर?"

"तर हिसका द्यायचा नाही. नवीन लोक तिथेच चुकतात, घाबरून मोटरनं सुई एकदम वर खेचतात आणि पट्टी मोडतात. नुसतं थांबायचं."

तीन आठवडे असे गेले. मग त्यांनी परीक्षा लावली. एक केस आणायचा. केस सगळ्यांकडे असतो, आणि मशीनखाली तो फार छान दिसतो. घराच्या छपरावर कौलं असतात ना, एकावर एक रचलेली, तशी केसावर बारीक खवल्यांची कौलं असतात. त्याची तिन्ही पद्धतींनी तीन चित्रं काढायची आणि शेवटी एक रेघ.

"रंगवलेला केस नको," सर म्हणाले. "रंगाचा थर बसतो. कौलं बुजतात."

माझे केस रंगवलेले. छोटीचे, म्हणजे माझ्या बहिणीचेही. वरच्या मजल्यावर जाऊन कुणाकडे केस मागायचा म्हणजे आठवडाभर चेष्टा.

छोटीच्या कपाटात आईचा कंगवा होता. रुमालात गुंडाळून ठेवलेला. आईच्या वस्तूंना छोटी कुणाला हात लावू देत नाही. रविवारी ती आंघोळीला गेली तेव्हा मी रुमाल सोडला, चिमट्यानं एक पांढरा केस काढला आणि होतं तसं गुंडाळून ठेवलं.

त्या वेळीही मला काही वाटलं नाही. आज त्याची लाज वाटते.

सोमवारी मी तो केस एका चकतीवर बसवला. नमुना ठेवायला आमच्याकडे नाण्याएवढ्या स्टीलच्या चकत्या असतात. चकतीवर दोन्हीकडून चिकटणारी टेप लावायची, त्यावर केस ताणून बसवायचा. ती चकती मी डबीच्या तीन नंबरच्या खणात ठेवली आणि झाकण लावलं.

मंगळवारी पावणेदोनला हळूसर जेवायला निघाले. त्यांचं जेवण म्हणजे पुरता एक तास. एकेक घास बत्तीस वेळा.

"थोपटण्यापासून सुरुवात कर," जाता जाता म्हणाले. "खरडायचं ते सगळ्यात शेवटी. आणि हळू."

"हो सर."

दार लागलं. हळू.

मी चकती मशीनमध्ये ठेवली. वर छोटा कॅमेरा असतो, त्यात बघून सुई कुठे टेकवायची ते ठरवतात. कॅमेऱ्यात मला केस दिसला. पांढरी, सरळ रेघ. हे मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, मला केस दिसला.

मग वरून पेटी बंद केली. मशीनवर एक जाड पेटी असते, आतून फोम लावलेली. बाहेरचा आवाज आत जाऊ नये आणि सुई हलू नये म्हणून. आतला आवाजही मग बाहेर येत नाही. फोन तर आम्ही खोलीतही नेत नाही.

टॅपिंग लावलं. सुई खाली गेली. टेकली.

पहिल्या वीस-पंचवीस ओळी नुसत्याच करड्या. मग एक कड उमटली. मग दुसरी. एकावर एक रचलेली कौलं.

आईच्या केसाची कौलं. इतक्या जवळून मी आईला कधीच बघितलं नव्हतं. मी वहीत फाइलचा नंबर लिहिला आणि पेनाला टोपण लावलं.

आणि तेव्हा...

थप.

मी मान वर केली.

थप... थप... थप...

संथ. एका लयीत. जाड पांघरुणावरून कुणीतरी पाठीवर हात मारावा तसा आवाज.

आधी वाटलं, वरच्या मजल्यावर काही चाललंय. जिन्यापर्यंत जाऊन आले. तिथे शांत. एसीला कान लावला. एसीचा नव्हता. मग पेटीला कान लावला...

आवाज आतून येत होता.

आता तुमच्यातलं कुणीतरी म्हणेल, सुई टेकत होती ना, तिचाच आवाज असेल. नाही हो. तीन लाख वेळा सेकंदाला. तो आवाज माणसाच्या कानाला येतच नाही. आणि हा तर मोजता येत होता. मी मोजलाही. मिनिटाला चाळीस.

बरं, त्या खोलीत नुसतं खोकलं तरी चित्रावर आडवी रेघ उमटते. इतका आवाज चालू होता आणि चित्र मात्र स्वच्छ येत होतं. एक रेघ नाही.

भीती वाटली का? खरं सांगू, नाही. अंगावर काटा आला, तो मला हातावर दिसला. पण तो दुसऱ्या कुणाच्या तरी हातावर आल्यासारखा वाटला. मी आपली पुढच्या पद्धतीकडे वळले. परीक्षा होती ना.

नॉन-कॉन्टॅक्ट. सुई जराशी वर घेतली.

आवाज थांबला.

चित्र यायला लागलं. कौलं पुसट, पण होती. फक्त एक गोष्ट विचित्र होती. सुई वरच्या वर तरंगायला हवी. ती सारखी खाली ओढली जात होती. मशीन तिला वर उचलायचं, ती पुन्हा खाली. मी आकडा बघितला. ओढ वाढत होती. प्रत्येक ओळीला थोडी थोडी. शेवटच्या ओळीला पहिलीच्या सहापट.

मी तेही लिहून घेतलं.

मग कॉन्टॅक्ट. सुई टेकवली. आता खरडत न्यायची.

पहिली ओळ सपाट. दहावी सपाट. शंभरावी... सपाट.

काहीच नाही. कौलं नाहीत, कडा नाहीत. नुसता गुळगुळीत पत्रा. थांबवून कॅमेऱ्यात बघितलं. पांढरी रेघ जागच्या जागी, सुई बरोबर तिच्यावर.

थोपटलं तर होती. खरडायला गेले तर तिथे कुणीच नव्हतं.

चार महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी आतपर्यंत पोचलं. ते काय होतं ते मला कळलं नाही. मी घड्याळ बघितलं, सव्वादोन. सर यायला अर्धा तास होता. उठून जाता आलं असतं. मी गेले नाही. शेवटची रेघ तेवढी राहिली होती.

सुई खाली पाठवली. टेकली. वर उचलायला लावली.

रेघ खाली गेली. चिकटली होती, नेहमीसारखीच. आता सुटेल.

रेघ अजून खाली गेली.

सुई जेवढी वर येऊ शकते तेवढी आली. पट्टी पार वाकली असणार. तरी सुटेना.

खोलीत आणखी काहीतरी बदललं होतं. काय ते कळायला मला वेळ लागला. एसी बंद पडला होता. कॉम्प्युटरच्या पंख्याचा आवाज येत नव्हता. डोक्यावरच्या ट्यूबची ती बारीक गुणगुण असते ना, तीही नाही. सगळं चालू दिसत होतं. आवाज कशालाच नव्हता.

आणि स्क्रीनवर रेघ. तळाशी, सरळ, धरून ठेवलेली.

मोटरचं बटण माझ्या बोटाखाली होतं. एक क्लिक आणि हिसका बसला असता, पट्टी मोडली असती, सुटका झाली असती.

मला ते दाबता आलं नाही.

कारण मला तो वॉर्ड आठवला. खिडकीजवळची खाट. आईची वाचा गेली होती, पण डोळे लख्ख उघडे. माझा उजवा हात तिच्या हातात. छोटी पाणी आणायला गेली होती. भिंतीवरच्या घड्याळात सव्वादोन वाजले होते, आणि तीनला माझी मुलाखत होती. याच मशीनसाठी. अर्ज दहा, माणूस एक घेणार.

मी तिच्या कानाशी म्हटलं, "आई, जाऊन येते गं. तासाभरात परत."

तिनं पकड घट्ट केली.

मी म्हटलं, "आई, सोड ना. उशीर होतोय."

ती माझ्याकडे बघत राहिली.

मग मी तिची बोटं सोडवली. आधी करंगळी. मग तिच्या शेजारचं. मग मधलं. मग चौथं. शेवटी अंगठा. एकेक करून, हळू, कारण तिला दुखू नये. इतकी काळजी मी घेतली. आणि गेले.

मुलाखत छान झाली. सगळी उत्तरं आली. बाहेर आले तर फोनवर छोटीचे अकरा मिस्ड कॉल.

तर त्या तळघरात मी बटणावरचं बोट काढलं.

"आई," मी म्हटलं. माझाच आवाज मला आला नाही. ओठ हलले तेवढे. "आई, मला आज कुठेही जायचं नाहीये."

रेघ हलली नाही.

पाच मिनिटं. दहा. मी एक हात माऊसवर ठेवून बसून राहिले. वीस मिनिटं झाली. इतका वेळ कुठलीच सुई चिकटून राहत नाही. मला माहीत होतं.

मग...

माझी करंगळी माऊसवरून उचलली गेली.

मी उचलली नव्हती.

स्क्रीनवर रेघ एक पायरी वर आली.

मी हाताकडे बघत होते. करंगळीशेजारचं बोट सावकाश सरळ झालं. कुणीतरी खालून धरून वर करावं, तसं. दुखलं नाही. अजिबात दुखलं नाही. रेघेनं दुसरी पायरी घेतली.

मधलं बोट. तिसरी.

चौथं बोट. चौथी.

"नको," मी म्हणाले. "आई, नको ना. राहू दे."

अंगठा.

रेघ टुणकन वर आली आणि तिथेच सपाट झाली. सुटली होती.

एसीचा आवाज एकदम कानात भरला. पंखा, ट्यूब, जिन्यावरचे पाय, सगळं. माझा हात माऊसपासून वीतभर वर, बोटं फाकलेली. आणि दारात हळूसर उभे.

"झालं का?" त्यांनी विचारलं. मग माझं तोंड बघून म्हणाले, "काय झालं गं?"

मी स्क्रीनकडे बोट केलं.

त्यांनी चष्मा लावला. पाच पायऱ्यांची रेघ बघितली आणि चक्क हसले. "अगं, गोंद! सुई टेपवर टेकलीय तुझी. गोंदाचे धागे ताणले जातात आणि एकेक करून तुटतात, त्याच्या या पायऱ्या. नवीन लोक टेपच्या सुरकुतीलाच केस समजतात. दर वर्षी एकजण असतोच."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. जिवात जीव आला. "सुरकुती असेल सर," मी म्हटलं.

त्यांनी पेटी उघडली.

चकती चकचकीत होती. त्यावर केस नव्हता. टेपही नव्हती. नुसतं कोरं स्टील, ट्यूबलाइट त्यात दिसत होती.

सरांनी डबी उघडली. तीन नंबरच्या खणात आईचा केस, मी सोमवारी बसवला तसाच. चार नंबरचा खण रिकामा. कोऱ्या चकतीचा खण.

चुकून मी चार नंबरची उचलली असेन. मान्य. घाईत होतं असं. पण मग कॅमेऱ्यात मी काय बघितलं? आणि कौलं कशाची होती?

सरांनी ती दोन चित्रं उघडली. बराच वेळ बघत बसले. कौलं होती. सुरेख, एकावर एक, केसाचीच. चाळीस वर्षं केस बघितलेला माणूस तो.

"हे कोणाचं आहे?" त्यांनी विचारलं. कशाचं आहे, असं नाही विचारलं.

"आईचं," मी म्हटलं.

त्यांनी नोंदवही ओढली, माझ्या नावापुढे 'स्वतंत्रपणे चालवू शकते' असं लिहिलं, सही केली. नमुना कोणता, तो रकाना कोरा सोडला. मग डबीतून तीन नंबरची चकती काढून माझ्या हातात दिली.

"घरी ने," म्हणाले. "आज पुरे."

संध्याकाळी घरी गेले तेव्हा छोटी कपड्यांच्या घड्या घालत होती. मी पर्सही खाली ठेवली नाही. उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

"छोटी, आई झोपली नव्हती त्या दिवशी. मी हात सोडवून गेले."

ती घडी घालतच राहिली. "मला माहितेय."

"कसं?"

"मी दारात होते ताई. पाण्याची बाटली घेऊन."

मी खाली बसले. "मग चार महिने बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून वाट बघितली. आणि राग होता मला. फार राग होता. तुला काय वाटलं, नव्हता?"

"आता?"

"आता सांगितलंस ना." तिनं टॉवेल बाजूला ठेवला. "थोडा आहे अजून."

मग मी तिला ते विचारलं, जे मला चार महिने विचारायचं होतं. "मी गेल्यावर ती... काही केलं तिनं? रागावली होती का? तिच्या तोंडावरून काही कळलं?"

छोटीनं बाजूला ठेवलेला टॉवेल पुन्हा मांडीवर घेतला.

"तोंडावरून नाही कळलं," ती म्हणाली. "पण तिचा हात... तू गेलीस आणि तो परत मिटला. असा." तिनं करून दाखवलं. घट्ट मूठ नव्हती ती. आत दुसरा हात असावा, तशी गोल बोटं. "मला वाटलं, मी आपला माझा हात देते तिला. द्यायला गेले. पण जाईना ताई."

"जाईना म्हणजे?"

"जागाच नव्हती. आत आधीच कुणाचातरी हात असल्यासारखं. मी बोट घालून बघितलं. नाही गेलं." तिचा आवाज बारीक झाला होता. "तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, डोकं फिरलंय हिचं."

"मग सोडला कधी तिनं?"

"सोडलाच नाही. नर्सनंही प्रयत्न केला. तसाच राहिला तो हात. शेवटपर्यंत, आणि नंतरही."

मी तिला मंगळवारच्या, म्हणजे त्याच दुपारच्या, पाच पायऱ्यांबद्दल सांगितलं. कंगव्यातल्या केसाबद्दलही. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती उठून माझ्याशेजारी येऊन बसली, आणि आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो. स्वयंपाकही केला नाही.

या गोष्टीला आता सात महिने झाले.

आईनं त्या दिवशी मला माफ करून मोकळं केलं, की मी तिच्याशी जे केलं ते कसं वाटतं हे दाखवून दिलं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. छोटी म्हणते, मोकळं केलं. हळूसर त्या विषयावर चकार शब्द काढत नाहीत, पण जेवायला जाताना आता दार उघडं ठेवून जातात. तुम्हाला काय वाटतं ते कॉमेंटमध्ये लिहा हवं तर, पण मला धीर वगैरे देऊ नका. आता मला सगळं जाणवतं. थंडी, भूक, राग, सगळं. आणि एवढं कळतं, की ते बधिर चार महिने माझा हात कुणीतरी धरलेला होता, आणि आता कुणी धरलेला नाही.

सर जेवायला गेले की कधीकधी मी चार नंबरची कोरी चकती मशीनमध्ये ठेवते. पेटी बंद करते. सुई खाली पाठवते, टेकवते आणि वर उचलते.

दर वेळी ती लगेच सुटते.